‘कॅनॉट’ आणि ‘कॅन नॉट’: नकार नेमका कशाला?

या महिन्याच्या टपालात इंग्रजीतील मोडल क्रियापदांविषयी, म्हणजे कॅन, मे, मस्ट, नीड, शुड, शॅल या मंडळींविषयी, चार पत्रे आली. चारही पत्रे कोकणातली आहेत आणि चौघांची अडचण तपासून पाहिली तर एकाच जागी येऊन थांबते: वाक्यातला ‘नॉट’ नेमका कशाला नाही म्हणतो आहे? म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: गुहागरजवळ आमच्या घरातच पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. जेवणखाण आम्हीच देतो, त्यामुळे बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशी इंग्रजी पाटी रंगवून घेतली. रंगाऱ्याने ‘गेस्ट्स कॅन नॉट ब्रिंग आउटसाइड फूड’ असे लिहिले आणि कॅन व नॉट यांच्यामध्ये चांगले दोन बोटे अंतर ठेवले. पुण्याहून आलेला भाचा ती पाहून म्हणाला, “मावशी, ही बंदी नाही. ज्यांना आणायचे नसेल त्यांनी न आणले तरी चालेल, असे लिहिलेय तू.” एवढ्याशा रिकाम्या जागेने अर्थ बदलतो का, आणि पाटी पुन्हा रंगवावी का?

उत्तर: आपला भाचा थट्टा करत असावा, परंतु बोट त्याने बरोबर जागेवर ठेवले आहे. इंग्रजीतील मोडल क्रियापदांपैकी नॉटशी जोडून, एकच शब्द म्हणून लिहिले जाते ते फक्त कॅन. मे नॉट, मस्ट नॉट, शुड नॉट, शॅल नॉट हे सगळे सुटेच राहतात. (कान्ट, मस्टन्ट, शुडन्ट ही लोपचिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, घेणारी बोलीतली रूपे, त्यांचा प्रकार निराळा.) कॅनलाच ही सवलत का मिळाली, याला व्याकरणातले कारण नाही, ती लेखनाची जुनी रूढी आहे. मात्र या रूढीमुळे एक सोय झाली. ‘कॅनॉट’ असे जोडून लिहिले की नकार कॅनला, म्हणजे सामर्थ्याला किंवा मुभेला, चिकटलेला असतो. ‘कॅन नॉट’ असे तोडून लिहिले की नॉट पुढच्या क्रियापदाकडे सरकू शकतो.

एक उदाहरण घेऊ. श्रावणी सोमवारचा कडक उपवास करणारी बाई म्हणते, ‘आय कॅन नॉट ईट फॉर अ होल डे’. कॅननंतर ती किंचित थांबते आणि ‘नॉट ईट’ हे दोन शब्द एका दमात म्हणते. तिचे म्हणणे असे की मला दिवसभर न खाता राहता येते. तीच बाई दाढ काढून घरी येते आणि म्हणते, ‘आय कॅनॉट ईट फॉर अ होल डे’. आता अर्थ असा की मला दिवसभर काही खाता येणार नाही. पहिल्या वाक्यात सामर्थ्य आहे आणि खाणे नाही. दुसऱ्या वाक्यात सामर्थ्यच नाही. मराठीत आपल्याला ही कसरत करावी लागत नाही, कारण ‘न खाता राहू शकते’ आणि ‘खाऊ शकत नाही’ यांत नकाराचा शब्दही वेगळा आहे आणि जागाही वेगळी आहे. इंग्रजीला दोन्हीकडे एकाच नॉटवर भागवावे लागते, आणि मग बोलताना घेतलेला थांबा कागदावर रिकाम्या जागेने दाखवायची वेळ येते. जागेने अर्थ पालटण्याचा प्रकार आपल्याकडेही नाही असे नाही. ‘मी पण येतो’ यातले ‘मी पण’ जोडून लिहिले, तर जे टाकून द्यायला कीर्तनकार सांगतात ते ‘मीपण’ होते.

तोडून लिहिणे आवश्यकच ठरते अशी एक नेहमीची जागा आहे. ‘यू कॅन नॉट ओन्ली सी द फोर्ट बट ऑल्सो स्टे निअर इट’ या वाक्यात नॉट हा ओन्लीचा जोडीदार आहे, त्याचा कॅनशी संबंध नाही. तिथे कॅनॉट लिहिले तर वाचणारा अर्ध्या वाक्यापर्यंत ‘किल्ला पाहता येणार नाही’ असेच समजतो. जाहिरातीच्या पत्रकांत ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

आता आपल्या पाटीविषयी. एक गोष्ट मान्य करायला हवी की बहुतेक वाचक ‘कॅन नॉट’ हे कॅनॉटचेच एक लेखन समजून पुढे जातात, आणि भाच्याने काढलेला अर्थ मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. त्यामुळे पाटीकडे बोट दाखवून कुणी बाहेरची बिर्याणी आत आणील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही रंगवायचीच झाली तर केवळ अंतर पुसून कॅनॉट करू नये, असे मी सुचवीन. ‘आउटसाइड फूड इज नॉट अलाउड’ लिहावे आणि त्याखाली मराठीत ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’. ज्या वाक्याचा अर्थ एका रिकाम्या जागेवर टांगलेला आहे ते वाक्य रंगाऱ्याच्या हाती देऊ नये. त्याला पाटीची लांबी भरून काढायची असते.

प्रश्न: ‘मे बी’ जोडून लिहावे की तोडून? आमच्या वर्गात दोन्ही प्रकार चालतात. (एक विद्यार्थिनी, कुडाळ)

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत, पण ते दोन वेगळे शब्दप्रकार आहेत. जोडून लिहिलेले मेबी म्हणजे ‘कदाचित’. ते वाक्यातून उचलून बाजूला ठेवले तरी वाक्य उभे राहते. ‘मेबी ही इज इन मालवण’. तोडून लिहिलेले मे बी हे वाक्याचे क्रियापदच असते, ते काढले तर वाक्य कोसळते. ‘ही मे बी इन मालवण’. शंका आली की त्या जागी ‘परहॅप्स’ घालून पाहावे. बसले तर जोडून लिहावे. नकाराच्या वाक्यात तर चूक होऊच नये, कारण तिथे नॉट मध्ये शिरतो, ‘ही मे नॉट बी इन मालवण’, आणि शब्द आपोआप सुटे होतात.

प्रश्न: मी रत्नागिरीचा असून डेक कॅडेट म्हणून जहाजावर जाण्याची तयारी करतो आहे. मला दोन गोष्टी कळत नाहीत. पहिली, ‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ यांत माझी हमखास चूक होते, कारण मला मस्टचा उलटा अर्थ म्हणजे मस्ट नॉट असेच वाटते. दुसरी, आमचे सर म्हणतात की रेडिओवर ‘मे नॉट’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकात तर ‘मे नॉट’ शुद्ध दिलेले आहे. मग ते का टाळायचे?

उत्तर: आपल्या सरांचे ऐकावे. कारण सांगण्यासाठी मात्र जरा मागून सुरुवात करतो.

किनाऱ्यावरच्या घरात बोलली जाणारी ही वाक्ये पाहा. ‘नारळी पौर्णिमेआधी होडी काढू नये.’ ‘वारा आहे, आज होडी काढायची नाही.’ ‘कालची मासळी पुरेशी आहे, आज होडी काढावी लागणार नाही.’ ‘इंजिन उघडून ठेवले आहे, होडी काढता येणार नाही.’ चारही वाक्यांत होडी किनाऱ्यालाच राहते, पण राहण्याची कारणे चार आहेत: रीत, हुकूम, गरज नसणे आणि अशक्यता. मराठीने प्रत्येकाला स्वतंत्र क्रियारूप दिले आहे. इंग्रजीत याच क्रमाने शुड नॉट, मस्ट नॉट, नीड नॉट आणि कॅनॉट येतात. नॉट सगळीकडे तोच आहे, दिसायलाही तो त्याच जागी आहे, आणि तरीही तो प्रत्येक ठिकाणी त्याच गोष्टीला लागत नाही. आपला गोंधळ होतो तो इथे.

मस्ट हे सक्तीचे क्रियापद आहे. मस्टपुढे नॉट आला की तो सक्तीला धक्का लावत नाही. तो तिला ओलांडून पुढच्या क्रियेला लागतो. ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे न जाण्याची सक्ती. सक्तीच काढून टाकायची असेल तर इंग्रजी मस्टला बाजूला ठेवते आणि ‘यू नीड नॉट गो’ किंवा ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणते, म्हणजे जाण्याची सक्ती नाही, गेलात तरी हरकत नाही. पावसाळ्यातील बंदीच्या काळात यांत्रिक बोटीच्या मालकाला लागू होते ते मस्ट नॉट. बंदी उठल्यावर पहिल्याच दिवशी समुद्रात जायचे की नाही हे ज्याच्या मनावर आहे, त्याला लागू होते ते नीड नॉट. हे दोन एकमेकांच्या जागी वापरले तर पहिल्याला परवाना मिळतो आणि दुसऱ्याची रोजी बुडते. पुढे जर्मन सहकारी भेटला तर त्याच्याकडूनही हीच चूक ऐकायला मिळेल, कारण त्याच्या भाषेत मस्टच्या भावंडापुढे नकार घातला की ‘गरज नाही’ असाच अर्थ होतो. तेव्हा ही चूक एकट्या मराठी माणसाची आहे असे मानून खट्टू होऊ नये. (जाता जाता: ‘नीड नॉट’नंतर ‘टू’ येत नाही. ‘नीड नॉट टू गो’ हे आपल्याकडच्या अर्जांत इतके रुळले आहे की आता शुद्धच वाटते.)

अंदाज बांधतानाही मस्ट असाच हट्टीपणा करते. ‘तो जेट्टीवर असणारच’ याला ‘ही मस्ट बी अ‍ॅट द जेट्टी’. उलट अंदाज, म्हणजे ‘तो जेट्टीवर असणे शक्यच नाही’, याला मात्र साधारणपणे ‘ही मस्ट नॉट बी’ न म्हणता ‘ही कान्ट बी अ‍ॅट द जेट्टी’ म्हणतात. एकाचा नकार दुसऱ्याच्या घरून उसना आणावा लागतो.

आता मे. कॅनला किमान जोडून लिहिण्याची सोय आहे. मे नॉटला तीही नाही, आणि म्हणूनच ते सर्वांत निसरडे आहे. ‘द व्हेसल मे नॉट एंटर द चॅनेल’ हे वाक्य घ्या. त्याचा पहिला अर्थ, जहाजाला जलमार्गात शिरण्याची परवानगी नाही. दुसरा, जहाज कदाचित शिरणार नाही. तिसरा थोडा ओढून काढावा लागतो, पण करारमदाराच्या भाषेत तो डोके वर काढतो: जहाजाला न शिरण्याची मुभा आहे. पहिल्या अर्थी हा हुकूम आहे, दुसऱ्या अर्थी अंदाज आणि तिसऱ्या अर्थी सवलत. कागदावर मागचेपुढचे वाचून आपण योग्य तो अर्थ निवडतो. रेडिओच्या खरखरीत, दोन वेगळ्या मातृभाषांचे अधिकारी बोलत असताना, मागचेपुढचे असे काही हाताशी नसते.

हे केवळ आपल्या सरांचे मत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांवरील संभाषणासाठी प्रमाण वाक्यांचा जो संच स्वीकारला, त्यात संदिग्ध शब्दांवर स्वतंत्र भाग आहे आणि मे, माइट, शुड, कुड ही क्रियापदे त्यात नावानिशी दिली आहेत. अशा शब्दांमुळे गैरसमज होतात आणि अपघातही झाले आहेत, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. त्या संचानुसार जहाजाला जलमार्गात शिरायचे असेल तर ‘मे आय एंटर’ असे विचारायचे नाही. आधी ‘क्वेश्चन’ हा शब्द उच्चारायचा आणि मग ‘मला शिरण्याची परवानगी आहे का’ असे पूर्ण वाक्य म्हणायचे. उत्तर देणाऱ्यानेही ‘यू मे’ म्हणायचे नाही. ‘आन्सर’ म्हणून ‘तुम्हाला परवानगी आहे’ असे म्हणायचे. ‘यू शुड अँकर’ याऐवजी ‘अ‍ॅडव्हाइस’ हा शब्द उच्चारून थेट ‘अँकर’ म्हणायचे. ‘यू कुड बी रनिंग इन्टू डेंजर’ याऐवजी ‘वॉर्निंग’ म्हणून ‘तुम्ही धोक्याकडे चालला आहात’ असे सांगायचे. मोडल क्रियापद जे काम अर्धवट आणि झाकून करते, ते वाक्याच्या दाराशीच उघडे करून ठेवणारे असे आठ शब्द या पद्धतीत आहेत. कॅनविषयीही तिथे वेगळी सूचना आहे, कारण कॅनमध्ये शक्यता आणि क्षमता दोन्ही दडलेल्या असतात. शिवाय डोन्ट, कान्ट यांसारखी आखूड रूपे या संचात टाळलेली आहेत. कान्टमधला शेवटचा ट खरखरीत विरला तर ऐकणाऱ्याला कॅनच ऐकू येईल, हे आपण मोबाइलवर रोज अनुभवतो.

हा प्रश्न समुद्रापुरताच आहे असेही नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिताना कोणते क्रियापद कोणत्या अर्थाने वापरायचे हे ठरवून देणारा आरएफसी २११९ नावाचा १९९७ सालचा छोटा दस्तऐवज आहे. त्यात मस्ट नॉट आहे, शॅल नॉट आहे, शुड नॉट आहे, मे सुद्धा आहे. मे नॉट मात्र नाही.

मग नियम लिहिणारे कोणता शब्द वापरतात? शॅल नॉट. समुद्रावर टक्कर टाळण्यासाठीचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम आपल्याला पुढे पाठच करावे लागतील. त्यांतील नवव्या नियमात म्हटले आहे की मासेमारीत गुंतलेल्या नौकेने अरुंद जलमार्गातून जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही जहाजाच्या वाटेत अडथळा आणता कामा नये. मूळ शब्द ‘शॅल नॉट इम्पीड’ असे आहेत. शाळेत शॅल म्हणजे भविष्यकाळ असे शिकलेला मुलगा त्याचे भाषांतर ‘अडथळा आणणार नाही’ असे करतो आणि त्याला ते वचन किंवा भाकीत वाटते. जयगडच्या खाडीच्या तोंडाशी एकीकडे जाळे टाकून बसलेली होडी आणि दुसरीकडून येणारे कोळशाचे जहाज डोळ्यांसमोर आणले, की ते भाकीत नसून आज्ञा आहे हे पटते. गंमत अशी की मराठीतही कायद्याच्या भाषेत भविष्यकाळी रूपाने आज्ञा होते. आपल्या संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदात राज्यसंस्था कायद्यापुढील समानता ‘नाकारणार नाही’ असे येते ते इंग्रजीतील ‘शॅल नॉट डिनाय’साठीच, आणि त्याला राज्यसंस्थेच्या भावी वागणुकीविषयीचा अंदाज कुणी समजत नाही.

प्रश्न: देवगडला आमची हापूसची बाग आहे. परदेशातील एका खरेदीदाराला मी नमुन्याच्या दोन पेट्या पाठवल्या आणि उत्तर येईना म्हणून आठवड्याने पुन्हा दोन पाठवल्या. त्यांचा मेल आला: ‘यू नीड नॉट हॅव सेंट द सेकंड सेट’. माझा मुलगा म्हणतो, दुसऱ्या पेट्या त्यांना मिळाल्याच नाहीत, म्हणून पाठवू नका असे लिहिले आहे. मला वाटते ते रागावले आहेत. खरे काय?

उत्तर: दोघांचेही बरोबर नाही, आणि तशी चिंतेचीही बाब नाही. ‘नीड नॉट सेंड’ असते तर चिरंजीवांचा अर्थ निदान जवळपास गेला असता: पाठवण्याची गरज नाही. ‘नीड नॉट हॅव सेंट’ या रचनेत मात्र पाठवण्याची क्रिया झालेली आहे हे गृहीतच असते. नकार पडतो तो तिच्या गरजेवर. म्हणजे आपण पाठवलेत, पण त्याची गरज नव्हती. ज्या अर्थी ते दुसऱ्या पेट्यांचा उल्लेख अशा प्रकारे करतात, त्या अर्थी त्या पोचल्या किंवा निघाल्याचे त्यांना कळले. याच्या शेजारीच ‘यू डिड नॉट नीड टू सेंड’ अशी दुसरी रचना आहे. ती फक्त गरज नव्हती एवढेच सांगते; पाठवले की नाही हे त्या वाक्यातून निश्चित कळत नाही.

राग शोधायचा तर तो तिसऱ्या रचनेत असतो, ‘यू शुड नॉट हॅव सेंट’. तिच्यात दोष दिलेला असतो. आपल्याला नीड नॉटमध्येही रागच ऐकू आला, याचे कारण बहुधा मराठीत आहे. या दोन्ही इंग्रजी वाक्यांचे सहज मराठी ‘पाठवायला नको होत्या’ असेच होते. आपला ‘नको’ गरज नसणे आणि चूक असणे ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर वाहतो. आजी ‘आज खाडीवर जायला नको’ म्हणते, तेव्हा काम नाही म्हणून की भरती आहे म्हणून, हे तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावरच कळते. मालवणीत ‘जावक नको’ म्हटले तरी तेच. वर होडीच्या वाक्यांत मराठीची बाजू भक्कम दिसली होती. इथे मात्र इंग्रजीत दोन खण आहेत आणि आपल्याकडे एक.

तेव्हा ‘त्रास घेतलात, एवढी आवश्यकता नव्हती’ इतक्या सौम्य सुरात तो मेल वाचावा. उत्तरात क्षमा मागू नये, आणि आधीच्या पेट्यांतील फळ कसे उतरले ते विचारावे. विचारताना ‘कॅन यू टेल’ म्हणावे की ‘कुड यू टेल’, असा पुढचा प्रश्न आपण विचारालच. कुड अधिक नम्र आहे, आणि इथे त्याचा भूतकाळाशी काही संबंध नाही.